वाटेत

जेवायला बसणार एवढ्यात माझे वडील डावीकडे सरकले. म्हणजे त्यांचा चौकोन सरकला. पडद्यावर 'पोचल्या' नावाच्या हिरव्या रकान्यात तो सकाळपासून शहाण्यासारखा बसून होता. कुणी हात न लावता तो तिथून उचलला गेला आणि शेजारच्या पिवळ्या 'वाटेत' या रकान्यात जाऊन बसला. मी आमटीची वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. चौकोन पुढे जातात, मागे येत नाहीत. निघायचंय, वाटेत, पोचल्या, झालं असे रकाने मी डावीकडून उजवीकडे आखले आहेत, आणि कावेरी अक्कांनी घरोघरी पाठवलेल्या बायका दिवसभर त्यांतून उजवीकडेच जात असतात. येलहंक्याच्या कुठल्याशा गल्लीत एखादी बाई कुणा म्हाताऱ्याच्या दारात चप्पल काढते, फोनवर 'आले' किंवा कानडीत 'बंदे' एवढंच लिहिते, आणि इथे व्हाइटफील्डमध्ये माझ्या टेबलावर एक चौकोन हिरवा होतो. त्या म्हाताऱ्याच्या मुलाला कुठे असेल तिथे निरोप जातो, गोळ्यांची आठवण त्या बाईच्या फोनवर वाजते, पुढच्या पाळीच्या बाईला तयार राहायला सांगितलं जातं. हे सगळं मीच जोडलेलं आहे, आणि तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. मी पाणी भरत असते किंवा केस विंचरत असते, आणि तिकडे ते आपलं आपण चाललेलं असतं. देवावर माझा फारसा विश्वास नाही, पण तो असलाच तर त्याला रोज असंच वाटत असेल.

मी नक्की काय करते हे मला कुणाला धड सांगता आलेलं नाही. कोड लिहीत नाही, कारण ते येत नाही. हल्ली अशी साधनं निघाली आहेत की पडद्यावर चौकोन मांडायचे, त्यांच्यात बाण ओढायचे आणि 'असं झालं की तसं कर' एवढं सांगायचं. बेकरीवाले, लग्नाचा स्वयंपाक करणारे, कपडे रफू करून देणारे अशा लोकांचा दिवस मी असा मांडून देते. कुणी विचारलंच तर म्हणते, लोकांचं एकमेकांवर ओरडणं मी कमी करते. कावेरी अक्का त्यात सगळ्यात ओरडणाऱ्या. आयुष्यभर नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर घरोघरी सेविका पाठवण्याचं काम काढलं, आणि मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा त्या एका कानाला एक आणि दुसऱ्या कानाला दुसरा फोन लावून दोन्हींवर एकच शिवी देत होत्या. मी गेले होते ती बाबांसाठी बाई मागायला. बाई मिळाली, आणि महिन्याभरात त्यांचा सगळा कारभार माझ्या पडद्यावर आला.

मांडणी हा माझा खरा आनंद. रंग किती असावेत, अक्षर किती मोठं असलं म्हणजे चष्मा विसरलेल्या बाईलाही वाचता येईल, कुठे काहीच नसावं, याच्यावर मी तासन् तास घालवते. लोकांना वाटतं, सजावट आहे. ती सजावट नव्हे हे मला फार लहानपणी कळलं आणि तेही स्वयंपाकघरात. बाबा विमानांच्या कारखान्यात, आराखडे करणाऱ्यांत होते. साताऱ्याहून आलेला पद्मनाभ नावाचा हडकुळा मुलगा इथे येऊन अण्णा झाला आणि इथलाच झाला. त्यांच्या कारखान्यात हत्यारं भिंतीवर टांगत आणि प्रत्येक हत्यारामागे त्याचीच आकृती रंगवलेली असे. पाना जागेवर नसला की भिंतीवर पान्याच्या आकाराचं भोक दिसायचं, आणि तो सापडल्याशिवाय विमान हलायचं नाही. बाबांनी एका रविवारी तेच घरी केलं. झारा, उलथनं, चिमटा, किसणी, सगळ्यांच्या निळ्या आकृत्या ओट्यावरच्या भिंतीवर. आई चार दिवस बोलली नाही. मग पाचव्या दिवशी किसणी शेजारी गेलेली तिला चटकन कळलं आणि तिचा राग मावळला. 'असलेलं कुणालाही दिसतं गं,' बाबा मला म्हणाले, 'नसलेलं दिसायला भिंत आखावी लागते.' मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते, आणि त्या निळ्या चिमट्याकडे मी देवळात बघावं तशी बघत राहिले होते. माझ्या पडद्यावरच्या फलकाचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे. कुणी म्हातारा एकटा असला की त्याच्या जागी रिकामी लाल चौकट दिसते आणि ती भरेपर्यंत फलक कुणालाही स्वस्थ बसू देत नाही.

बाबांना आता बरंच काही नसलेलं दिसतं आणि असलेलं दिसत नाही. मध्यंतरी दोनदा ते शर्टपँट घालून, पिशवी घेऊन कारखान्याच्या बसची वाट बघत थेट मोठ्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या खेपेला एका रिक्षावाल्याने त्यांना परत आणून सोडलं. माझा भाऊ सुहास पुण्यात असतो. त्याने होसकोट्याच्या पलीकडे एक वृद्धाश्रम बघितला, तिथे बाबांचं नाव घालून टाकलं. जागा वाईट नव्हती, मी जाऊन आले. पण प्रत्येक खोलीत सारखाच पलंग, सारखीच खिडकी, आणि भिंतीवर काहीच नाही. मी सुहासशी भांडले. म्हटलं, मला दिवाळीपर्यंत वेळ दे. बाबा येलहंक्यातल्या त्यांच्या घरातच राहतील, कुणालाच कुठे हलायला लागणार नाही, मी त्यांच्याजवळ कायम कुणी ना कुणी असेल अशी व्यवस्था करते. आणि बोलण्याच्या भरात हेही म्हणून बसले, की एकदा जरी ते घरात एकटे सापडले तर मी आडवी येणार नाही. सुहास वाईट माणूस नाही. त्याने ते वाक्य शांतपणे ऐकून घेतलं आणि जपून ठेवलं.

तर बाबांचा चौकोन मागे आला, पिवळा झाला, आणि माझ्या मनात आधी आलं ते कौतुकच. विद्या म्हणून निपाणीकडची नवी मुलगी सकाळच्या पाळीला होती. ती औषध आणायला कोपऱ्यावर गेली असेल आणि परत येत असेल, आणि फलकाला एवढं बारीकसुद्धा कळलं! मी न शिकवलेलं त्याला कळलं, असं वाटून मी अक्षरशः हरखले. जेवले, एका केटररच्या लग्नसराईच्या मांडणीवर बसले, त्यात दुपार गेली. चहा ठेवताना सहज नजर टाकली तर चौकोन पिवळाच. कोपऱ्यावरच्या दुकानातून यायला इतका वेळ लागत नाही. मी विद्याला फोन लावला.

'मी? मी कवाच घरला आले की ओ अक्का,' ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी होत होती. 'अण्णांना जेवाय घातलं, गोळ्या दिल्या, आणि निघाले. निघताना टाकलंय बघा की मेसेज. येते म्हणून.'

'आणि दुपारची बाई?'

'ती येणारच असंल की वाटेत, असं मला वाटलं. का, आली न्हाई?'

दुपारची बाई येणार नव्हती, कारण मीच तिला थांबवलं होतं. बायका कानडी, मराठी, हिंदी, जमेल ते लिहितात म्हणून मी फलकाला शब्द शिकवून ठेवले होते. बंदे, आले, पोचले म्हणजे हिरवा. मुगीतु, झालं, हो गया म्हणजे काम संपलं. आणि येते, बरतीनी, आती हूँ म्हणजे वाटेत. बाकीच्या बायका काम संपल्यावर 'झालं'च लिहायच्या. विद्या नवी होती. तिने घरातून निघताना माणूस जे म्हणतो तेच लिहिलं. आणि माझा तो मोठ्या अभिमानाने घातलेला नियम होता, की कुणी वाटेत असेल तर दुसऱ्या कुणाला उठवू नकोस. फलकाने उठवलं नाही. लाल चौकट उमटलीच नाही. बाई गेली होती, आणि मी आखलेली भिंत ती येते आहे असं सांगत होती.

कावेरी अक्का नेमक्या होसकोट्याला लग्नात. आमचं बोलणं कानडीतच चालतं. 'अय्यो,' त्या मांडवातल्या सनईवरून ओरडल्या, 'स्वल्प थांब, मी पाठवते कुणाला तरी, पण हेब्बाळच्या पुलावर सगळं अडकलंय म्हणतात, तासभर तरी जाईल.' घरचा फोन मी लावत राहिले. तो नुसता वाजत राहिला. आई गेल्यापासून बाबा फोन उचलत नाहीत, 'तुझ्या आईचा असेल' म्हणतात. शेजारचे मुलीकडे गेलेले. मी चहा तसाच टाकून खाली आले आणि मिळाली त्या गाडीत बसले.

रिंग रोडवर गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. डोळ्यांसमोर मोठ्या रस्त्यावर पिशवी घेऊन उभे असलेले बाबा दिसत होते, आणि बाजूने बस जात होत्या. आणि याच्या मधेच, मला लाज वाटावी इतकं स्पष्ट, त्या शब्दाचं नवल वाटायला लागलं. येते. जाणारं माणूस येते म्हणतं. मी रोज म्हणते. कानडीतही तेच, बरतीनी म्हणायचं आणि पाठ फिरवायची. या गावात सकाळी किती दारं उघडत असतील, येलहंक्यात, मल्लेश्वरात, या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींत, आणि प्रत्येक दारातून निघणारा माणूस मी येतो म्हणून निघून जात असेल. आतला माणूस बरं म्हणतो, कानडीत सरी म्हणतो, आणि दार लावतो. दोघांपैकी कुणालाही यात काही खोटं वाटत नाही. इतक्या माणसांनी इतक्या वर्षांत इतक्या दारांत दिलेला एवढा मोठा शब्द, आणि तो कुणी कधी शब्दशः घेतला नव्हता. आज पहिल्यांदा कुणीतरी घेतला होता. माझ्या त्या बिनडोक, आज्ञाधारक चौकोनाने विद्याच्या बोलण्यावर पूर्ण विश्वास ठेवला होता आणि दुपारभर तिची वाट बघत पिवळा होऊन बसला होता. मला रडायला आलं ते भीतीने की आणखी कशाने, सांगता येणार नाही. आई दवाखान्यात जाताना काय म्हणाली होती ते मी आठवायला लागले आणि मुद्दाम थांबले.

तेवढ्यात सुहासचा मेसेज आला. त्याच्याही फोनवर फलक दिसतो. 'बाबांचं दुपारपासून पिवळं आहे. वाटेत कोण आहे?'

मी लिहिलं, 'मी.'

घराशी पोचले तेव्हा विमानतळाच्या बाजूने एक विमान अगदी खालून गेलं आणि त्या आवाजात मी फाटक ढकललं. बाबा व्हरांड्यात होते. वेताच्या खुर्चीत, ताठ बसलेले, खुर्चीचं तोंड फाटकाकडे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर ऑफिसची पिशवी, पायांत बूट, एकाची नाडी सुटलेली. मागे दार सताड उघडं. मी पायरीवरच बसले.

'बाबा, कुठे निघालात?'

'ऑफिसला,' ते म्हणाले. 'उशीर झालाय खूप. पण ती मुलगी येते म्हणाली. ती यायच्या आत घर उघडं टाकून कसं जायचं? बसलोय आपला.'

मी त्यांच्याकडे बघत राहिले. दुपारभर मोठा रस्ता त्यांना बोलवत होता, ते तयार होऊन बसले होते, आणि त्यांना दारात धरून ठेवलं होतं ते विद्याच्या त्या एका शब्दाने. ज्या शब्दाने माझी सगळी व्यवस्था बंद पाडली, त्यानेच त्यांना वाचवलं. मी लावलेलं दुसरं काहीही त्या वेळी जागं नव्हतं. मी त्यांच्या बुटाची नाडी बांधली, मग लक्षात आलं की सोडायला हवी, मग दोन्ही बूट काढले. त्यांनी पाय निमूटपणे पुढे केला. वाटलं, बाबा आता त्या फलकासारखेच झालेत. बोललेलं तेवढंच कळतं त्यांना, त्याच्या मागचं गळून गेलंय. कुणी येते म्हटलं की ती येणार. मला त्यांची अशी दया आली की मी मान वर करू शकले नाही.

कावेरी अक्कांनी पाठवलेली बाई आली, तिने दिवा लावला, उपम्याचा रवा भाजायला घेतला. मी आत जाऊन सुहासला फोन केला आणि जे होतं ते सांगितलं. दुपारभर एकटे होते, म्हटलं. 'शलाका, तूच म्हणाली होतीस,' तो म्हणाला. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, उलट थकलेलाच होता. मी म्हटलं, हो, मीच म्हणाले होते. उद्या होसकोट्याला फोन करतो म्हणाला. करू दे. मी फोनवरच फलक उघडला, शब्दांच्या यादीतून 'येते' काढून टाकला, 'बरतीनी' काढला. बाबांचा चौकोन हिरवा केला. एवढ्याशा कामाला कितीसा वेळ लागतो. ओट्यावरच्या भिंतीवर निळ्या आकृत्या फिकट होत आल्या होत्या आणि नवीन बाईने झारा उलथन्याच्या जागी टांगला होता. मी तो हलवला नाही.

अंधार पडायला आला तसं निघायला हवं होतं. सकाळी केटररचे लोक येणार होते, कपडे, लॅपटॉप, सगळं तिकडे व्हाइटफील्डला. बाबा परत व्हरांड्यात येऊन बसले होते. मी चपला घातल्या आणि नेहमीचा शब्द ओठांवर आला तो गिळला. हा माणूस शब्दावर बसून राहतो, मी स्वतःला म्हटलं. त्याला खोटी वाट बघायला लावायची नाही. जे आहे ते नीट सांगायचं. मी त्यांच्यासमोर वाकले, हात हातात घेतला आणि स्पष्ट, सावकाश म्हटलं, 'बाबा, मी जाते.'

त्यांनी हात काढून घेतला. चेहरा असा कडक झाला की आराखड्यात चूक करणाऱ्या पोरांना तो कसा दिसत असेल ते मला कळलं.

'काय बोलतेस?' ते म्हणाले. 'भरल्या घरातून निघताना जाते म्हणतात? येते म्हण.'

'बाबा,' मी म्हटलं, 'दुपारी विद्या येते म्हणाली, ते निघायचं म्हणून म्हणाली. ती घरी गेली होती.'

'मग? कळलं होतं की मला. न कळायला काय झालं?'

'मग वाट कशाला बघत बसलात?'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा कीव केल्यासारखंच. 'येते म्हणाली होती ना,' ते म्हणाले.

त्यांचं काहीही गळून गेलेलं नव्हतं. दोन्ही अर्थ त्यांना ठाऊक होते, ते दोन्ही त्यांनी सारखेच खरे धरले होते, आणि असं करता येतं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वर आभाळात अजून थोडा उजेड होता. मला तिथे उभं राहून इतकं लहान वाटलं आणि इतकं बरं वाटलं. 'येते, बाबा,' मी म्हटलं. 'सरी,' ते म्हणाले, आणि खुर्ची जराशी सरकवून फाटकाच्या सरळ रेषेत घेतली.

मी फाटकापर्यंत गेले. बाहेर गाड्यांची रांग लागलेली, रस्त्यावरचे दिवे लागलेले. कडीवर हात ठेवून मी सुहासला लिहिलं, होसकोट्याला फोन करू नकोस, मी इथे राहायला येते आहे. पाठवलं. मग कडी आतून नीट लावली आणि वळले.

'आलीस?' बाबा म्हणाले. त्यांना मुळीच नवल वाटलं नव्हतं.

'आले,' मी म्हटलं, आणि चपला काढल्या.